प्रश्न किती, यापेक्षा कोणासाठी?



सुरतेत उधना-लिंबायतकडे आपली खानदेशी माणसं बरीच. 2025 च्या 'संसदरत्न' पुरस्कारांत जळगावच्या खासदार स्मिता वाघ यांचं नाव वाचून बरं वाटलं. प्राइम पॉइंट फाउंडेशन 2010 पासून हा पुरस्कार देतं. त्या वर्षी निवड समितीचे अध्यक्ष होते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाचे हंसराज अहीर.

खासदारानं प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा भाग घेतला, खासगी विधेयकं किती मांडली, हे परीक्षक मोजतात. आकडे असले की वशिल्याला जागा कमी. पण प्रश्न कोणासाठी विचारला, ते आकड्यात दिसत नाही.

आपलंच बघा ना. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध बांधव त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. धर्माची ही अट काढा, असं रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्येच सांगितलं होतं. यावर सभागृहात बोलणाऱ्याला मतं कितीशी मिळणार? आपण पडलो थोडके. तरीही जो बोलेल, त्याचा एक प्रश्न शंभरांच्या तोडीचा धरावा.

प्रभूनं विधवेच्या दोन दमड्यांची किंमत केली नाही, त्या तिनं कशातून दिल्या ते पाहिलं. परीक्षकांनीही तसंच पाहावं. आणि मतं मागायला कोणी दारी आलं, तर आपल्या मंडळीनं एवढं तरी विचारावं: आमच्यासाठी सभागृहात काय बोललात?

आपला,
एक वाचक, सुरत