मित्राचा शब्द

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील एखाद्या गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट कानांवर आदळतो. आत काम करणारे तरुण एकमेकांशी बोलतात ते पुष्कळदा खुणांनीच. कापसाचे तंतू उडत असल्यामुळे तेथे विडी पेटविणे धोक्याचे. मग बारा-बारा तासांच्या पाळीत डोळे जड झाले, की तंबाखूची पुडी निघते. नव्याने कामावर आलेल्या मुलाच्या हातावर पहिली चिमूट ठेवतो तो बहुधा त्याचा मित्रच, आणि तीही प्रेमाने!

मुलांनो, तंबाखूतील विषारी द्रव्ये गालाच्या आतील नाजूक त्वचेत मुरतात व पेशींच्या वाढीचा नियम बिघडवितात. पेशी अनिर्बंध वाढू लागतात, हाच कर्करोग. सुपारीही निरुपद्रवी नव्हे. तिच्यामुळे तोंड उघडेनासे होते, व तीही कर्करोगास कारण होते. आज भारतातील पुरुषांत मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी त्याची चोरटी विक्री थांबलेली नाही.

हे तरुणांना सांगावे कोणी? वडीलधाऱ्यांचा उपदेश या कानाने ऐकून त्या कानाने सोडला जातो. आम्हा शिक्षकांना हे का ठाऊक नाही? म्हणून आरोग्यसेवक त्याच वयाच्या, तेच काम करणाऱ्या एकदोघांना शिकवून तयार करतात व ते आपल्या सोबत्यांना सांगतात. यास समवयस्क शिक्षण म्हणतात. भिवंडीजवळच्या मुंबईत 2002 मध्ये स्थापन झालेल्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने तर शाळकरी मुलांनाच तंबाखूविरोधी कामात पुढे केले.

शिकवायचे ते फार अवघड नाही. मुखातील रोगाची पूर्वचिन्हे आरशात दिसू शकतात : गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट लागताच होणारी आग. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर तीही सूचनाच. चट्टा म्हणजे कर्करोगच, असे मात्र नव्हे. तो निर्णय डॉक्टरांचा. रोग आरंभीच सापडला, तर पुष्कळदा पूर्ण बरा होतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1941 पासून या रोगावर उपचार होत आहेत.

अडचण असते ती भीतीची, आणि बुडणाऱ्या रोजाची. एकट्याचे पाऊल रुग्णालयाकडे वळत नाही. अशा वेळी मित्राने आपली पाळी बदलून घ्यावी व त्याच्याबरोबर जावे.