आहारमानवशास्त्र

मानवसमूह काय खातात, कसे मिळवितात, कसे शिजवितात, कोणाबरोबर खातात आणि काय वर्ज्य मानतात यांचा अभ्यास करणारी मानवशास्त्राची उपशाखा. आहारशास्त्र अन्नातील पोषकद्रव्ये मोजते. आहारमानवशास्त्र ते अन्न ताटापर्यंत कोणत्या सामाजिक संबंधांतून पोहोचते, हे पाहते. म्हणून भूक हीदेखील या शास्त्राच्या दृष्टीने केवळ शारीरिक अवस्था नसून जमीन, श्रम, ऋतू व प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असलेली सामाजिक घटना आहे.

या अभ्यासाचा पाया ऑड्री रिचर्ड्‌स (१८९९–१९८४) या ब्रिटिश विदुषींनी घातला. उत्तर ऱ्होडेशियातील (आजचा झँबिया) बेंबा जमातीविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष तांब्याच्या खाणींवर मजुरीस गेल्यामुळे फिरत्या शेतीसाठी झाडांच्या फांद्या तोडण्यास माणसे उरत नाहीत आणि त्यामुळे सुगीपूर्वीचे महिने उपासमारीचे जातात, असे त्यांनी दाखविले. हेन्रिएटा मूर व मेगन व्हॉन यांनी १९९४ मध्ये या निष्कर्षाची फेरतपासणी केली. बेंबा स्त्रियांनी बदलत्या परिस्थितीतही निर्वाहाचे अन्य मार्ग काढले होते, हे त्यांनी निदर्शनास आणले. क्लोद लेव्ही-स्त्राऊस (१९०८–२००९) यांनी कच्चे व शिजविलेले या भेदात निसर्ग व संस्कृती यांमधील भेद पाहिला, तर मेरी डग्लस (१९२१–२००७) यांनी विटाळाच्या कल्पनांमागील वर्गीकरणाचे तत्त्व १९६६ मध्ये मांडले. सिडनी मिंट्‌झ (१९२२–२०१५) यांनी १९८५ मध्ये साखरेच्या इतिहासातून मळे, गुलामगिरी व इंग्लंडमधील कामगारांचा आहार यांची सांगड घातली.

भारतात अन्नव्यवहार व जातिव्यवस्था यांचा संबंध निकटचा आहे. मराठीतील ‘रोटीव्यवहार’ हा शब्दच त्याचा निदर्शक होय. मॅकिम मॅरियट यांनी १९६८ मध्ये उत्तर भारतातील एका खेड्यात कोण कोणाच्या हातचे अन्न घेतो, यावरून जातींचा क्रम कसा ठरतो हे दाखविले. रवींद्र खरे यांनी १९७६ मध्ये हिंदू कुटुंबातील चूल व सोवळेओवळे यांचे विवेचन केले.

या शास्त्राचे विषय टिटवाळा (ता. कल्याण, जि. ठाणे) व त्याच्या परिसरात सहज दिसून येतात. मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील हे गाव महागणपतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असून संकष्टी, विशेषतः अंगारकी चतुर्थीस तेथे भाविकांची गर्दी होते. भाविक दिवसभर उपवास करून चंद्रोदयानंतर मोदकाच्या नैवेद्याने तो सोडतात. मोदकातील तांदूळ, नारळ व गूळ हे कोकणातील जुने पदार्थ होत. याउलट उपवासास चालणारे बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका कंद ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून ती सोळाव्या शतकापासून पुढे भारतात आली. नित्याच्या जेवणातील भात व डाळ मात्र उपवासास वर्ज्य आहेत. यावरून उपवासाचे नियम पदार्थाच्या प्राचीनतेवर नव्हे, तर नेहमीचे धान्य व त्याहून वेगळे अन्न या भेदावर मुख्यत्वे अवलंबून असल्याचे दिसते.

पावसाळ्याच्या आरंभी ठाणे-कल्याण परिसरातील बाजारांत आसपासच्या पाड्यांतील कातकरी, ठाकूर व अन्य आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी इ. रानभाज्या विकावयास आणतात. शेवळे हा सुरणाच्या प्रजातीतील एका रानवनस्पतीचा फुलोरा होय. त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घसा खवखवतो. म्हणून त्याचा खाजरा भाग काढून टाकतात व तो काकड या रानफळांच्या आंबट रसात अथवा चिंचेत शिजवितात. शेवळ्यांबरोबर बाजारात काकडेही विकावयास असतात, ती यामुळेच. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू कुटुंबांत हेच शेवळे कोळंबी, सोडे अथवा खिमा घालून केले जाते व हंगामातील पक्वान्न म्हणून त्याची वाट पाहिली जाते. एका घरी चोखंदळपणाचे लक्षण ठरणारा पदार्थ दुसऱ्या घरी टंचाईच्या दिवसांतील आधार असतो.

या भागातील आदिवासींच्या आहाराच्या नोंदी जुन्या आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये, तसेच अ. ना. वेलिंग यांच्या कातकऱ्यांवरील ग्रंथात (१९३४) त्या आढळतात. कात पाडण्याच्या व्यवसायावरून कातकरी हे नाव पडले. जंगलावरील निर्बंधांमुळे तो व्यवसाय मागे पडला व बहुसंख्य कातकरी भूमिहीन मजूर बनले. पावसाळा संपल्यावर अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पुढील पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात मजुरी कमी असते. तेव्हा रानभाज्या, कंद, खेकडे व ओढ्यातील मासे यांवर भर असतो. स्थलांतर व आहार यांचा रिचर्ड्‌स यांनी दाखविलेला संबंध येथेही विचारात घ्यावा लागतो.

या दृष्टीचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी (ता. जव्हार, तेव्हा जि. ठाणे, २०१४ पासून जि. पालघर) येथील बालमृत्यूंमुळे आदिवासी भागातील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. कुपोषणाचे खापर पुष्कळदा आदिवासींच्या अज्ञानावर फोडले जाते. खाजरे व कडू कंद निर्धोक करून खाण्याची विद्या ज्यांना अवगत आहे, त्यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे पडते. अन्नाचे ज्ञान असूनही ते मिळविण्याची जमीन, जंगल व वेळ हाती नसणे, हे अधिक मूलगामी कारण होय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झाली.

अलीकडे हा विषय विद्यापीठांबाहेरही चर्चिला जातो. शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पाककृतींची नोंद केली आणि छापील पाकशास्त्रांत कोणाचे स्वयंपाकघर आले व कोणाचे वगळले गेले, हा प्रश्न पुढे आणला. राज्याच्या कृषी विभागाने २०२० मध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरविले. अशा उपक्रमांमुळे शहरी ग्राहकांस रानभाज्यांचा परिचय होतो. तथापि मागणी वाढली म्हणजे ती गोळा करणाऱ्यांचा आहार सुधारतोच असे नाही, कारण घरी शिजणारी भाजी बाजारात जाऊ शकते. त्यामुळे भाजीच्या नोंदीबरोबरच ती शिजविण्याचे ज्ञान कोणाकडे आहे, ती उगवते त्या जमिनीवर हक्क कोणाचा आहे व विक्रीनंतर त्या घरातील ताटात काय उरते, यांचीही नोंद होणे आवश्यक ठरते.