बीडीएसला जायचे म्हणून गणित सोडायचे?
दहावीनंतरची विज्ञानशाखा : लेखांक सहावा

दहावीचा निकाल लागला की पलूस, कुंडल, भिलवडी, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातल्या घरांत अकरावीच्या विषयांचा खल सुरू होतो. मुलीला किंवा मुलाला डॉक्टर करायचे ठरले असेल, तर पहिली कुऱ्हाड गणितावर पडते. दंतवैद्यकाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे अगदी जवळचा आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे आणि कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे आहे. सगळी तासा-दीड तासाच्या अंतरावर. एमबीबीएस नाही मिळाले तर बीडीएस, असा विचार करणारी घरे पुष्कळ आहेत. मनापासून दातांचाच डॉक्टर व्हायचे ठरवणारी मुलेही आता दिसतात. दोन्ही घरांत सल्ला मात्र एकच मिळतो : पीसीबी घे, गणित सोड, त्या जागी काहीतरी सोपे घे. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. तो प्रवेश परीक्षेकडे बघून दिला जातो, आणि प्रवेशानंतर जे शिकायचे आहे ते विचारातच घेतले जात नाही. प्रवेश परीक्षेपुरते बघितले तरी तो सल्ला पुरता टिकत नाही.

आधी नियम बघू. बीडीएसच्या प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. त्यानंतर सगळे ‘नीट’वर. तिथे १८० प्रश्न, ७२० गुण. निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनमध्ये समसमान. गणिताचे नाव कुठेच नाही. गणित सोडा म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो खराही आहे. पण गणिताच्या जागी जे येते त्याचे समर्थन कसे केले जाते? भूगोल घेतला किंवा दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेतला की बारावीची टक्केवारी वर जाते, असे सांगतात. ती टक्केवारी बीडीएसच्या गुणवत्ता यादीत धरतच नाहीत. पात्रतेला फक्त तीन विषयांचे गुण मोजतात, क्रम ‘नीट’च्या गुणांवर लागतो. म्हणजे ज्या गुणांसाठी गणित सोडले, ते गुण मुलीच्या कामाला येणारच नाहीत. बायफोकल विषय वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पीकशास्त्र घेऊन शेतीच्या शिक्षणाकडे जाणाऱ्याला त्याचा चांगला उपयोग आहे. दंतवैद्यकाकडे निघालेल्याने ‘मार्कांसाठी’ ते घेण्यात मात्र अर्थ नाही.

मग उरतो वेळ वाचण्याचा मुद्दा. तो तपासायला लांब जायला नको, राज्य मंडळाचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे. दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे : सदिश, त्यांची बेरीज, दोन प्रकारचे गुणाकार, मग विकलन आणि संकलनाची तोंडओळख. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते की यावाचून पुढचे पान उलटणार नाही. ज्या मुलाने गणित ठेवले आहे, त्याला हेच विषय गणिताच्या तासाला सवडीने, उदाहरणे सोडवत भेटतात. ज्याने सोडले आहे, त्याला भौतिकच्या सरांकडून दोन-चार तासांत घाईने उरकून घ्यावे लागतात आणि पुढे प्रक्षेप्य गती, सरल आवर्त गती, प्रत्यावर्ती धारा, किरणोत्सारी क्षय या प्रत्येक प्रकरणात तो आकडेमोडीशी अडखळतो. भौतिक अवघड जाते अशी तक्रार करणाऱ्या पीसीबीच्या मुलांची वही नीट बघितली, तर संकल्पना बऱ्याचदा कळलेली असते आणि गाडी समीकरण फिरवताना रुतलेली असते. ‘नीट’मध्ये भौतिकचे १८० गुण आहेत. जीवशास्त्र चांगले पाठ असलेल्यांची संख्या मोठी असते, त्यामुळे क्रमांक वर-खाली होतो तो भौतिकमध्ये. गणितातून वाचवलेला वेळ असा भौतिकमध्ये व्याजासकट जातो.

आता प्रवेश मिळाल्यानंतरचे बघू, कारण खरे कारण तिथे आहे. बीडीएसची चार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि दातांची रचना. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि दंतसाहित्य, म्हणजे डेंटल मटेरियल्स. यांत गणिताची प्रश्नपत्रिका नाही. पण एक नेहमीचे उदाहरण घ्या. दाढ ठणकते आहे, गाल सुजला आहे, मुळाशी पू झाला आहे. डॉक्टर सुजेच्या जागीच लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात आणि तरी बधिरपणा हवा तसा येत नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण पुस्तकात ठळकपणे शिकवले जाणारे कारण बारावीच्या रसायनशास्त्राचे आहे. लिग्नोकेन हा सौम्य आम्लारी आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो, प्रभार असलेला आणि प्रभार नसलेला. मज्जातंतूचे स्निग्ध आवरण ओलांडून आत जाते ते फक्त प्रभार नसलेले रूप. औषधाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ही दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात तो अंक, सुमारे ७.९ आहे. निरोगी ऊतीचा पीएच ७.४ असतो; तिथे हिशोब केला तर साधारण २४ टक्के औषध आत जाऊ शकणाऱ्या रूपात सापडते. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते. पीएच ६.४ पर्यंत उतरला असे धरले तर तेच प्रमाण जेमतेम ३ टक्क्यांवर येते. औषध तेच, मात्रा तीच, आणि उपयोगी पडणारा भाग आठव्या हिश्शाएवढा. म्हणून कसलेला दंतवैद्य सुजेत सुई टोचत बसत नाही. दूर, निरोगी जागी मज्जातंतूचा ब्लॉक देतो.

हे समजायला काय लागते? राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रातले आयनिक समतोलाचे प्रकरण आणि लॉगरिदम. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट, ही गोष्ट हाडीमाशी मुरलेली असावी लागते. इनॅमलचेही तेच आहे. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते. फ्लोराइड मुरलेले इनॅमल सुमारे ४.५ पर्यंत तग धरते. ज्याला लॉग कळत नाही, त्याला यात एका अंकाचा किरकोळ फरक दिसतो. ज्याला कळते, त्याला दहापट जास्त आम्ल सोसणारा दात दिसतो, आणि फ्लोराइडची टूथपेस्ट वापरा असे तो रुग्णाला ठामपणे सांगतो. पाठांतराने यातली उत्तरे परीक्षेत लिहिता येतात. खुर्चीवर बसलेला रुग्ण पुस्तकापेक्षा वेगळा निघाला, की पाठांतर थांबते.

बाकीच्या विषयांतही हेच सापडते. क्ष-किरणाच्या स्रोतापासून अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो; सहायकाने कुठे उभे राहायचे ते या व्यस्त वर्गाच्या नियमावर ठरते. वाकडे दात सरळ करणाऱ्या तारेचे सगळे शास्त्र बल आणि बलाचे आघूर्ण यांवर चालते : दात नुसता कलतो की मुळासकट सरकतो, हे त्या दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असते. शेवटच्या वर्षी सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्रात जैवसांख्यिकी येते. आपल्या भागात मिश्री लावण्याची सवय अजून घराघरांत आहे. मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या तपासून फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायचे तर प्रमाण विचलन आणि संभाव्यता लागते. ही दोन्ही प्रकरणे अकरावीच्या गणिताच्या पहिल्या भागात आहेत.

परदेशातली रीत बघितली तरी हेच दिसते. अमेरिकेत दंतवैद्यक शिकण्याआधी मुले बहुधा पदवी घेतात. तिथल्या डेंटल ॲडमिशन टेस्टमध्ये भौतिकशास्त्र विचारत नाहीत. तरीही बहुतेक दंत महाविद्यालये जीवशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचा प्रयोगांसह अभ्यास केलेला असावा, अशी अट घालतात. परीक्षेत नसलेला विषय पूर्वतयारीत मात्र हवा, हे त्यांनी वेगळे ओळखले आहे. शिवाय त्या परीक्षेत आकडेमोडीचा एक स्वतंत्र भाग आहे, आणि वस्तूचे आकार मनात फिरवून ओळखण्याचा दुसरा. आपल्या ‘नीट’मध्ये हे दोन्ही नाही. म्हणून ती तयारी करून देण्याची जबाबदारी आपल्याकडे विषय निवडणाऱ्या घरावर येते.

यावर सगळ्यात रास्त आक्षेप ओझ्याचा. गावातून एसटीने येणारी मुलगी सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि संध्याकाळी घरचे काम सांभाळते. तिच्यावर चौथा विषय कशाला लादायचा? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण गणित आणि त्याच्या जागी घेतलेला विषय यांतली निवड आहे हे विसरले जाते; वर्ग, परीक्षा आणि वह्या त्याही विषयाच्या असतातच, आणि त्यातले भौतिकला काहीच मिळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल तर मला उलटे वाटते. अकरावीत विज्ञान अचानक इंग्रजीत सुरू होते, तेव्हा जीवशास्त्राचा परिच्छेद वाचताना त्यांची दमछाक होते. गणितात भाषा कमी आणि चिन्हे जास्त; दहावीला चांगले गणित असलेल्या मुलाला त्या पहिल्या सहा महिन्यांत पाय टेकायला तीच एक ओळखीची जागा असते. शिवाय बीडीएस हुकले तर? पीसीबीवर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषीची दारे उघडी राहतात, पण अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची बंद होतात. १९१० पासून ज्या किर्लोस्करवाडीत यंत्रे घडत आली, तिच्या शेजारच्या गावांतल्या मुलांनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते दार स्वतः लावून घेऊ नये.

दहावीत ज्याला गणिताने खरोखर रडवले आहे, त्याला मात्र मी गणित घे म्हणणार नाही. बारावीत नापास होण्याची धास्ती घेऊन ‘नीट’ची तयारी होत नाही. त्याने गणिताची परीक्षा सोडावी, पण मोजकी प्रकरणे सोडू नयेत : त्रिकोणमितीची मूळ सूत्रे, लॉगरिदम, सदिश, विकलनाची सुरुवात आणि प्रमाण विचलन. ही अकरावीच्या दिवाळीपर्यंत, भौतिकची ती ती प्रकरणे वर्गात येण्याआधी उरकावीत. गणिताच्या शिक्षकांना विनंती करून त्या तासांना मागच्या बाकावर बसता आले तर त्याहून बरे.

आणि प्रयोगशाळा. वर्गात नाव घालून दोन वर्षे दुसऱ्या गावच्या क्लासला बसायचे आणि प्रात्यक्षिकांना फक्त परीक्षेच्या आठवड्यात उगवायचे, ही पद्धत दंतवैद्यकाकडे जाणाऱ्याला सगळ्यात महाग पडते. ब्युरेटमधला एक थेंब सोडून रंग बदलताच हात थांबवणे, व्हर्नियरवर मिलिमीटरचा दहावा भाग वाचणे, कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर न चुरगळता बसवणे : बीडीएसच्या पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसवतात, तेव्हा हाताला हीच सवय लागते. प्रवेश घेताना पालकांनी कॉलेजात जाऊन एवढे विचारावे, की आठवड्याला प्रात्यक्षिके किती होतात, एका टेबलावर किती मुले असतात आणि ब्युरेट प्रत्येकाच्या हातात येते का.

पुढच्या आठवड्यात : जीवशास्त्राची दोन पुस्तके, राज्य मंडळाचे आणि एनसीईआरटीचे, कोणते आधी वाचावे आणि का.