कानातले खडे आणि झोका

झोका उंच जाऊन क्षणभर थबकतो तेव्हा पोटात गोळा येतो. तळाशी येताना अंग जड होतं. मेंदूला हे कळवतं कोण? कान!

कानाच्या अगदी आत, कठीण हाडाच्या कपारीत, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्याशा पिशव्या असतात. नलिकांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की तो जरासा मागे रेंगाळतो, आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. गिरकी थांबल्यावरही तो वाहत राहतो, म्हणून जग फिरत राहतं. पिशव्यांमधल्या चिकट थरावर तर चक्क खडे असतात! शिंपल्यात असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट, पण केसाच्या जाडीहूनही बारीक. झोका पुढेमागे झाला की ते सरकतात, खालच्या पेशींचे तंतू वाकतात, आणि वर कुठे, खाली कुठे याचा पत्ता लागतो. हे सारं यंत्र आईच्या पोटातच घडलेलं असतं.

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञ, जीन एअर्स यांनी तोलाच्या याच जाणिवेकडे लक्ष वेधलं. १९७२ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की तोल, स्पर्श आणि स्नायूंची जाण यांचा मेंदूत नीट मेळ बसला, तर त्या पायावर शिकणं उभं राहतं. तेव्हापासून थेरपीच्या खोल्यांत झोके टांगले गेले.

हे झोके जमिनीलगत असतात, खाली जाड गादी. थेरपीला आलेलं मूल फळीच्या झोक्यावर पालथं झोपतं आणि झुलता झुलता चेंडू टोपलीत टाकतं. तेवढ्या खेळात मान उचलली जाते, पाठ ताठ होते, हलत्या जगातही नजर टोपलीवर स्थिरावते. संथ, एकसारखी लय बहुधा शांत करते. गिरक्या आणि अवचित बदल चेतवतात. म्हणून थेरपिस्टचं लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर असतं. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, की झोका थांबतो.

झोका म्हणजे जादू नव्हे. त्याच्या परिणामाचे पुरावे अजून मर्यादित आहेत, आणि संशोधकांत वादही आहे. त्यामुळे खरी परीक्षा खोलीबाहेर होते: शर्टाची बटणं लावता येतात का, वर्गात बसवतं का?

ऑक्युपेशनल थेरपीशी आपल्या देशाचं जुनं नातं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं.

थेरपीला येणाऱ्या काही मुलांना मात्र पाय जमिनीवरून सुटले की धडकी भरते. त्यांना कुणी ढकलत नाही. झोका इतका खाली बांधतात की तळवे टेकलेले राहावेत. दिवसामागून दिवस मूल थोडंसं हलतं, थांबतं, पुन्हा हलतं. आणि एखाद्या दिवशी, कुणी न सांगता, आपणहून पाय उचलतं. त्या क्षणी कानातले ते खडे सरकतात, आणि या वेळी मूल घाबरत नाही.