छोट्या ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक जोडताना

छोट्या ट्रॅक्टरवर डंपिंग ट्रॉली एका पाईपवर चालते. ती स्वतःच्या वजनाने खाली येते. हायड्रॉलिक पलटी नांगराला मात्र दोन पाईप लागतात, म्हणजे डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह हवा.

व्हॉल्व्ह वाढवला म्हणून पंपाचं तेल वाढत नाही. दोन कामं एकदम केली तर दोन्ही मंदावतात. व्हॉल्व्हमधून लिफ्टकडे जाणारी आणि टाकीत परतणारी वाट वेगळी आहे ना, हे मिस्त्रीला आधी विचारा. नाहीतर लिफ्टचा दाब व्हॉल्व्हवर येऊन सील फुटतं.

गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातलं तेल कातडीत शिरलं तर बोट गमवायची पाळी येते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.