धंदा आणि धूर (भाग ७) : ई-मेल राहू द्या, गच्चीवर चला

आज सर्व्हरचा विषय घ्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला, कारण मध्येच हैदराबादच्या गौलीगुड्यातून एक पत्र आलं. पत्रलेखक तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत डिजिटल मार्केटिंगचं काम करतात. सहाजण आहेत, मिठाईवाले, सराफ, शिकवणीवर्ग ही गिऱ्हाइकं. ते विचारतात, ‘‘आमच्याकडे कित्येक वर्षांचे ई-मेल, न वापरलेल्या रील्स, क्लायंटचे फोटो पडून आहेत. सगळं पुसलं तर किती कार्बन वाचेल? एक शनिवार पोरांना याच कामाला लावू का?’’

नका लावू. पोरांना सुट्टी द्या.

तुमचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेनेच लोकांना जुने ई-मेल आणि फोटो पुसून पाणी वाचवा असं सांगितलं होतं, डेटा सेंटरं थंड ठेवायला पाणी लागतं म्हणून. जाणकारांनी त्या सल्ल्याची भरपूर टर उडवली. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’च्या हवाल्याने बातमी फिरली की अर्धा तास व्हिडिओ पाहिला की १.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढच्या वर्षी त्यांनीच दुरुस्ती केली. बातमीमागच्या मुलाखतीत बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती, म्हणजे आकडा आठपट फुगला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब तर एका तासाला सुमारे ३६ ग्रॅम एवढाच निघाला. पण पहिली बातमी अजून व्हॉट्सअॅपवर फिरते आहे, दुरुस्ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

ई-मेलचं म्हणाल तर कार्बनचा हिशेब मांडणारे माइक बर्नर्स-ली यांनी एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या छोट्या मेलसाठी सुमारे ०.३ ग्रॅमचा अंदाज दिला आहे. त्यातलाही मोठा वाटा मेल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यापुढे चालू असलेल्या यंत्राचा. निपचित पडून राहिलेल्या मेलला जवळजवळ काही लागत नाही. उलट सहाजण शनिवारभर पुसत बसले तर त्यांच्या डोक्यावर एसी चालणार. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट धरा, नऊ तासांचे नऊ युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा मागे आलाच आहे. म्हणजे सहा किलोंच्या वर. वीस हजार मेल पाठवण्याएवढा धूर, मेल पुसण्याच्या नावाखाली!

पत्रात खरी गोष्ट शेवटच्या ओळीत होती, अगदी जाता जाता लिहिलेली : ‘‘वर गच्ची असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये एसी १८ वर ठेवला तरी खोली गार होत नाही, करंटचं बिल दुप्पट येतं.’’ अहो, सुरुवात इथून करायची!

गौलीगुडा, पुतळीबावडी, सुलतान बाजार या भागांतल्या जुन्या घरांचं छत उंच होतं, खाली शहाबादी फरशी. ती पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींना चार-पाच इंचांचा उघडा सिमेंटचा स्लॅब. दुपारी एकला त्यावर पडलेलं ऊन लगेच खाली येत नाही. स्लॅब ते पीत राहतो आणि तीन-चार तासांनी खोलीत सोडतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला स्टुलावर चढून छताला तळहात लावून पाहा, फार वेळ ठेववणार नाही. आणि तुमच्या धंद्याची घाई नेमकी तेव्हाच, कारण मिठाईवाल्याची रील सातच्या आत पडायला हवी. स्लॅब, लॅपटॉप आणि सहा माणसं अशी सगळी उष्णता एकट्या एसीने बाहेर फेकायची.

यावर आपल्याच शहरात मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या आणि इथल्या संशोधकांनी हैदराबाद परिसरातल्या व्यापारी इमारतींच्या छतांना पांढरा लेप देऊन मीटर लावले. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. काळ्या छताला लेप दिल्यावर दर चौरस मीटरला वर्षाकाठी २० ते २२ युनिट वाचले; उघड्या सिमेंटच्या छताला १३ ते १४ वाचतील असा अंदाज निघाला. तुमचं ऑफिस ५०० चौरस फूट, म्हणजे ४६ चौरस मीटर, धरू. १३ च्या दराने जवळजवळ ६०० युनिट होतात. तुमचा एसी बाराही महिने चालत नाही, म्हणून मी निम्मेच धरतो. ३०० युनिट, २०० किलोंच्या वर. मेलच्या भाषेत साडेसहा लाखांहून जास्त.

तेलंगणा सरकारने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं, २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छत पांढरं करायचं उद्दिष्ट ठेवून. धोरण चांगलं आहे, पण आपल्या गल्लीतल्या गच्च्या अजून करड्याच दिसतात. कारण साधं आहे : गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचं. मालकाला काय पडलंय?

म्हणून खर्च थोडा तुम्हीच उचला. चुना सर्वात स्वस्त, पण पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. बाजारातला उष्णता परावर्तित करणारा रंग काही वर्षं टिकतो. चायना मोझॅक महाग, पण मालकाला गळतीसाठी नाहीतरी काम काढायचं असेल तर तेच पटवा. रंगापूर्वी भेगा भरून घ्या. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण उतरतो, तेव्हा मार्चमध्ये एकदा झाडून पुसून घ्या.

गच्ची आणि तुमच्यामध्ये एखादा मजला असेल, तर या सगळ्याचा तुम्हाला उपयोग नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई लावा आणि एसी २६ वर ठेवून पंखा फिरू द्या. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही एवढंच.

वरच्या मजल्यावर ऑफिस असलेल्या वाचकांनी गेल्या जानेवारीचं आणि मेचं अशी दोन बिलं शेजारी ठेवून फक्त युनिटमधला फरक मला कळवावा, सोबत छत कसलं आहे तेही. सर्व्हर पुढच्या आठवड्यात, नक्की.