डोईवरची वीज

सन २०१८ च्या मार्च महिन्यात किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर पायी चालत मुंबईस आला. ६ तारखेस निघालेले लोक १२ तारखेस पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षेस निघालेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटची वाट त्यांनी रात्रीच चालून काढली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या मोर्चाची जी छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आली त्यांत एक जरा निराळे होते. एका शेतकऱ्याने डोक्यावर सोलर प्लेट घेतली होती आणि तिच्यावर बरोबरच्या मंडळींचे मोबाइल चार्ज होत होते. शहरातल्या लोकांनी त्याच्या कल्पकतेचे कौतुक केले आणि पान उलटले.

आम्हांला मात्र त्या चित्रापाशी थांबावेसे वाटले. आमचे आयुष्य मजुरांच्या संघटनेत गेले. शाळा फारशी झाली नाही. जे काही शिकलो ते हजेरीपुस्तके आणि पगारपत्रके वाचता वाचता. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली, की ती काम किती देते आणि तिचे दाम कोण मोजतो, हे दोन प्रश्न आधी मनात येतात. उघड्यावर वीज पुरविणाऱ्या या चार्जरांनाही तेच प्रश्न विचारावयाचे आहेत, आणि ते डहाणू-तलासरीच्या लोकांच्या वतीने विचारावयाचे आहेत.

डहाणूत विजेची वाण आहे असे म्हटले तर कोणी हसेल. तेथे अडीचशे-अडीचशे मेगावॉटचे दोन संच असलेले औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास उभे राहिले, ते मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी. त्याच्या दक्षिणेस १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र. पाड्यांवरही आता खांब गेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खांब घरापर्यंत येतो, आणि या भागातल्या माणसाचे काम घरात नसते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कोणी गवत कापण्यास जातो, कोणी चिकूच्या वाडीत रात्रीची राखण करतो, कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी होऊन महिनोन्महिने समुद्रावर असतो. भट्टीवरच्या झोपडीला मीटर नसतो. एका भट्टीवर आम्ही पाहिले, मालकाच्या शेडमध्ये फोन लावावयाचे दहा रुपये पडत आणि ते आठवड्याच्या खर्चीतून कापले जात. फोन तरी कशाला हवा, असे म्हणणारे तेथेही होते. पण गावी ठेवलेल्या म्हाताऱ्यांची खबर दुसऱ्या कोणत्या वाटेने येणार?

घर असूनही उघड्यावर राहण्याची पाळी येते, हेही डहाणू-तलासरीने अनुभवले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के झाले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा. त्या दिवशी घाबरून बाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. ऐन थंडीत लोक अंगणात आणि तंबूंत निजू लागले. भिंतीवरचे बटण आणि त्याखालचा प्लग जागच्या जागी होता, पण त्या भिंतीजवळ जाण्याचीच भीती होती.

तिसरी गोष्ट हजेरीची. केंद्राच्या रोजगार हमी योजनेत सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवरूनच, दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून, घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. दुसऱ्या फोटोच्या वेळी फोन निजला, की घाम गाळूनही हजेरी अडते. कुदळ-फावड्यासारखा फोनही कामाचे हत्यार झाला. हत्याराला धार लावण्याचा खर्च कोणी करावा, हा आमच्या चळवळीतला जुना वाद आहे. चार्जिंग हे त्याचेच नवे रूप.

आता हिशेबाकडे वळू. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडले की तिच्या दोन थरांमध्ये सुमारे अर्ध्या व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली अशी कामाची चकती प्रथम तयार झाली, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी शेकडा सहा भागच विजेत उतरत होता. आजच्या चांगल्या प्लेटीत शेकडा वीस-बावीस उतरतो. भर दुपारचे स्वच्छ ऊन एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ओतते, म्हणजे एका चौरस फुटावर त्र्याण्णव. त्याचा पाचवा भाग धरला तर फूटभर लांब, फूटभर रुंद प्लेट फार तर अठरा-एकोणीस वॉट देईल. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तर बाजारात फसण्याचे कारण नाही. खोक्यावर साठ वॉट छापले आहे आणि घडी उलगडली तर चकत्यांची जागा दोनच चौरस फूट भरते, तर तो आकडा खोटा आहे. तेथे वाद घालत बसू नये, पुढच्या दुकानात जावे.

सर्वांत अधिक फसवणूक होते ती पाठीवर चिमुकली प्लेट चिकटवलेल्या पावर बँकेत. महालक्ष्मीच्या जत्रेपासून लोकलच्या डब्यापर्यंत ती सर्वत्र दिसते. तिच्यावर दहा हजार मिलीअँपिअर-तास असे लिहिलेले असते. आतल्या बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट, गुणाकार केला की ३७ वॉट-तास होतात. तळहाताएवढी प्लेट मात्र जेमतेम दीड वॉटची. दिवसाचे सहा तास कडक ऊन लागले तरी नऊ वॉट-तास, आणि वाटेतली गळती वजा जाता हाती सहा. म्हणजे एकदा भरावयास सहा दिवस आणि तेही ढग न येता! घरी प्लगवर भरून नेली तर ती उपयोगी वस्तू आहे, पण उन्हावर भरेल म्हणून कोणी घेऊ नये. शिवाय लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांपुढे तापलेली असताना चार्ज होऊ देणे तिच्या आयुष्याला घातक. जिला सावली हवी आणि जिला ऊन हवे अशा दोघींना एकाच पाटावर बसवले आहे. प्लेट उन्हात आणि बॅटरी तिच्या मागच्या सावलीत, हीच खरी मांडणी.

प्लेटीलाही उन्हाचा त्रास होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. तिला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. खोक्यावरचे वॉट पंचवीस अंश तापमानाला मोजलेले असतात; मेच्या दुपारी प्लेट साठ अंशांवर जाते आणि दर अंशामागे शेकडा सुमारे ०.४ काम कमी होते. म्हणजे सातवा हिस्सा केवळ तापण्यात गेला. पत्र्यावर सपाट न टाकता खालून वारा खेळेल अशी ठेवली तर यातले थोडे वाचते.

सावलीचा जाच याहून मोठा. चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात. स्लॅब पडत असताना बाया रांगेत उभ्या राहून घमेली पुढे देतात ते वाचकांनी पाहिले असेल. मधली एक थांबली की सगळी रांग थांबते. तसेच येथे होते. एका चकतीवर चिकूचे पान पडले तर वाटते दहावा हिस्सा गेला. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक जाते. मोठ्या प्लेटीत अडलेल्या चकतीला बगल देण्याची सोय असते, घडीच्या छोट्या चार्जरांत ती बहुधा नसते. दिशेचेही असेच. डहाणू विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. मेच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर, तेव्हा प्लेट आडवी बरी. डिसेंबरात तो दक्षिणेस पुष्कळ कलतो, तेव्हा दक्षिणेकडे तोंड करून बरीच उभी करावी. नाशिकच्या त्या शेतकऱ्याने मार्चमध्ये ती डोक्यावर आडवी घेतली, हे बरोबरच होते. पाठीवर टांगली असती तर? नाशिकहून मुंबईकडे चालणाऱ्याची पाठ ईशान्येस असते; दुपारभर प्लेट त्याच्याच अंगाच्या सावलीत राहिली असती.

एकेकट्याने खेळणी विकत घेण्यापेक्षा दहा जणांत एक नीट प्लेट घ्यावी, असे आमचे मत आहे. पन्नास वॉटची काचेची प्लेट चारेक किलोची असते, एक माणूस सहज उचलतो. सहा तासांचे ऊन, त्यातले शेकडा साठ पदरात पडले असे धरले तर १८० वॉट-तास झाले. स्पर्शपडद्याच्या मोठ्या फोनला प्लगमधून सुमारे पंचवीस लागतात, म्हणजे सात फोन पूर्ण भरले. बटणाच्या साध्या फोनला पाचच पुरतात, तसे छत्तीस भरतील! एक ताकीद मात्र द्यावयाची: अशा प्लेटीचा दाब वीस व्होल्टांवर जातो, फोनला हवे पाच. मध्ये दाब आवरणारे यंत्र न बसवता तार जोडली तर फोन जळेल. आणि दिवसा प्लेटीवर बॅटरी भरून रात्री तीवरून फोन भरावेत. ढगाने ऊन तुटत राहिले की काही फोन रुसल्यासारखे मंदावतात आणि ऊन आले तरी तार काढून पुन्हा लावल्याशिवाय वेग धरीत नाहीत.

दुरुस्तीचा प्रश्न राहतो. पवईच्या आय.आय.टी.ने २०१४ च्या सुमारास खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना हाती घेतली. तिच्यात आम्हांला पटलेली गोष्ट दिव्याची नव्हे: ते दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम त्या त्या भागातल्या माणसांनाच शिकविले गेले. प्लेट वीस वर्षे टिकते. आधी मोडतो तो प्लगचा सांधा, मग तार, मग बॅटरी. डाग देता येणारी एक मुलगी पाड्यावर असली तर तिन्ही चुका तेथेच सुधारतात.

फोनमुळेच लोक बिघडले असे म्हणणारे आमच्या सभांतून भेटतात. त्यांना आम्ही १९४५ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. सभेचा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरवला गेला, हजारो वारली तलवाड्याला जमले, आणि १० ऑक्टोबरला त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड हुतात्मा झाला. निरोप खरा की खोटा हे विचारावयास त्या रात्री साधन नव्हते. आज खोटे निरोप अधिक वेगाने धावतात, हे कबूल. पण खातरजमा करणारा फोनही हाताशी आहे, त्यात जीव असला तर. म्हणून ज्या कामावर फोनवर हजेरी, त्या कामावर पाणी आणि सावलीबरोबर चार्जिंगची प्लेटही काम देणाऱ्यानेच ठेवावी, ही मागणी आम्ही मांडीत आलो आहोत. भट्टीमालकांनाही तेच सांगतो. खर्चीतून कापलेले दहा-दहा रुपये मोसमाअखेर मांडले, तर तेवढ्यात प्लेट येते, हे त्यांना कागदावर दाखवावे लागते.

पावसाळ्यात हा सर्व हिशेब कोलमडतो. दाट ढगांत प्लेट दहाव्या हिश्श्यावर येते. पण भट्ट्यांचा मोसम दिवाळीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका उन्हाचा. आवणीच्या दिवसांत माणसे पाड्यावर, खांबाजवळ असतात. तेवढे चार महिने प्लेट पुसून, पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी माळ्यावर ठेवावी, आणि बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी भरून ठेवावी.